नरम पडलेलं मेण

१

नट आट्यांवर चढेना.

टाकी सांभाळणाऱ्या भटूने तो आधी हाताने फिरवून पाहिला, मग पान्याने, मग एक सणसणीत शिवी हासडून. शिवी ऐकून कुंदाबाई ऑफिसातून बाहेर आल्या. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात एक टेबल आणि त्याभोवती प्लायवूडचा आडोसा. त्यातून शिवी काय, उसासासुद्धा ऐकू यायचा.

"वहिनी, गेला माल," भटू म्हणाला. "सगळा."

टाकीतून काढलेले शाफ्ट लाकडी घोडीवर ओळीने ठेवले होते. मधला भाग आरशासारखा चकचकीत होता. टोकाच्या आट्यांवर मात्र कणसावर बाजरी भरावी तसे क्रोमचे दाणे धरले होते. आणि टाकीत, त्या तपकिरी ॲसिडवर, लाल मेणाचे तुकडे तरंगत होते.

कुंदाबाईंनी एकेका शाफ्टचे आटे बोटाने चाचपले.

जळगावच्या एमआयडीसीतलं हे क्रोमचं वर्कशॉप त्यांच्या नवऱ्याने, कौतिकने, उभं केलेलं. दोन वर्षांपूर्वी याच शेडमध्ये, टाकीशेजारी, तो छातीला हात लावून कोसळला. तेव्हापासून बाईंनी ते ओढत आणलं होतं. निंबाभाऊ पाटील हे त्यांचं उरलेलं एकच मोठं गिऱ्हाईक. दीपनगरच्या वीजकेंद्रातले पंप दुरुस्त करायचा ठेका त्यांच्याकडे होता, आणि हे शाफ्ट त्या पंपांचे होते. संध्याकाळी टेम्पो घेऊन ते यायचे होते.

पंपाच्या शाफ्टला क्रोम लागतो तो बेअरिंग बसतं तेवढ्याच भागावर. आटे कोरे राहिले पाहिजेत. म्हणून टाकीत सोडण्याआधी ते झाकायचे. कशाने झाकायचे, यावर या धंद्यात जितकी तोंडं तितकी मतं. कुणी प्लास्टिकची टेप गुंडाळतं, पण आट्यांच्या खोबणीत ती बसत नाही आणि खालून ॲसिड शिरतं. कुणी लाखेचा हात देतं, ती वाळेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं. शिशाची पट्टी सरळ दांड्याला बरी, आट्यांना नाही. कौतिकने हे सगळं करून पाहिलं आणि शेवटी मेण धरलं: मधमाशीचं मेण, कडकपणाला राळ, आणि कुठे झाकलं, कुठे राहिलं ते डोळ्यांना दिसावं म्हणून चिमूटभर लाल रंग. ते मेण इतक्या वर्षांत कधी सुटलं नव्हतं.

"मेण कोण लावतं इथं?" मागून आवाज आला. दीर सुकदेव स्कूटर स्टँडवर लावून आत येत होता. उत्तर त्याला ठाऊक होतं. "सलीमा. आणि सलीमाचा भाऊ असलम कुठं कामाला आहे? धुळ्याच्या क्रोमवाल्याकडं. आपला माल बिघडला की निंबाभाऊ कुठं जातील? धुळ्याला. सरळ आहे."

दारात चपला काढणारी सलीमा तशीच थबकली. एक चपल पायात, एक हातात.

"पूर्ण बोला की भाऊ," ती म्हणाली. "अर्धं कशाला ठेवता?"

"पूर्ण हवालदार बोलेल. वहिनी, मी चौकीवर जाऊन येतो. तोवर ही फाटकाबाहेर जाता कामा नये."

स्कूटर गेली. कुंदाबाईंनी सलीमाकडे पाहिलं. म्हणजे तिच्या बोटांकडे पाहिलं. ती नेहमीसारखी लाल होती.

२

सलीमा पालथ्या बादलीवर बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बाईंना सोपं गेलं असतं.

"विचारा," ती म्हणाली.

"काल लावलेलं मेण रोजच्यासारखंच होतं?"

"नाही. नरम होतं. नखानं दाबलं तर खड्डा पडायचा. रोज टवका उडतो."

"मग लावलंस कशाला?"

"मी भटूला सांगितलं. सुकदेवभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, वैशाखाचं ऊन आहे, माणसं वितळतात इथं, मेणाचं काय घेऊन बसलीस, लाव मुकाट्यानं. तुम्हालाही सांगायला आले होते, बाई. तुम्ही फोनवर निंबाभाऊंना 'उद्या नक्की, उद्या नक्की' करत होतात. हातानंच मला जा म्हणालात."

कुंदाबाईंना तो हात आठवला. माशी हाकलावी तसा हलवलेला.

"असलमनं तुला धुळ्याला बोलावलंय, हे खरं?"

"खरं. दोनदा बोलावलं. तिकडं टेप लावतात, हात लाल होत नाहीत म्हणे." सलीमा कोरडं हसली. "गेले असते तर सरळ सांगून गेले असते. आता मात्र कुठंच जाता यायचं नाही. मुद्दाम माल बिघडवणारी बाई म्हटल्यावर धुळ्यात तरी कोण उभं करील? आणि पोलिसांनी नेलेली बाई परत मोहल्ल्यात कशी शिरते, ते तुम्हाला माहीत नाही."

कुंदाबाई उठल्या. टाचा ठणकल्या, पण परवाइतक्या नाही. शेडच्या ओल्या जमिनीवर उभं राहून त्यांच्या टाचांना बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. काल सकाळी सासूने एक डबी पुढे सरकवली होती. लेकीने, कमलबाईने, पारोळ्याहून धाडलेलं मलम म्हणे. गुलाबीसर होतं, रंगाला रतनजोत घातलं असावं. दोनदा चोपडलं तर जमिनीला पाय टेकवता येऊ लागला. देव एका हाताने देतो आणि दुसऱ्याने मुंडी पिरगाळतो, असं मनाशी म्हणत त्या टाकीकडे निघाल्या.

३

भटू टाकीपाशी बिडी न पेटवता नुसती चघळत होता.

"तूच म्हणायचास ना, मेणाचे दिवस गेले, टेप आणा?"

"म्हणायचो. अजून म्हणतो." त्याने बिडी कानामागे खोचली. "म्हणून मी टाकी जास्त तापवली, असं का? वहिनी, कौतिकदादानं मला हाताला धरून शिकवलं. माझी जीभ तिखट असेल, पण त्याच्या टाकीत मी हरामखोरी नाही करणार."

"तू करतोस असं मी म्हटलं नाही."

"चेहऱ्यावर लिहिलंय तुमच्या."

कुंदाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फळीवरून मेणाची एक कोरी ढेप काढली. रावेरकडून सुकदेवनेच आणलेली होती. आणि सुकदेवला हे शेड विकून मोकळं व्हायचंय, हे घरात कुणापासून लपलेलं नव्हतं. कामच बुडालं तर विकायला कोण नाही म्हणणार होतं? त्याने भेसळीचं मेण आणलं असेल का? हा विचार त्यांच्या मनात सकाळपासून होता. सख्ख्या दिराबद्दल असा विचार करायची वेळ आली, याची लाज मात्र आत्ता वाटली.

त्यांनी ढेपेवर हातोडी मारली. मेण कट्ट आवाज करून तुटलं. स्वच्छ, कडक.

तो तुकडा तारेला बांधून त्यांनी टाकीत सोडला. टाकी कालच्याइतकीच तापलेली होती. चहा होईल एवढा वेळ सलीमासकट तिघंही टाकीकडे बघत राहिले. तुकडा वर काढला. त्याच्या कडासुद्धा गोल झाल्या नव्हत्या.

"म्हणजे टाकी जास्त तापली नव्हती," भटू हळूच म्हणाला.

"आणि मेण भेसळीचं नाही. पातेल्यातलं मेण याच ढेपांचं ना?"

"याच. शनिवारी मीच ओतलं," सलीमा म्हणाली. "शनिवारचा मालही त्याच मेणात केला. तो उत्तम निघाला. विचारा याला."

भटूने मान हलवली. "शनिवारी टवका उडत होता. हिनं काल नरम आहे म्हटलं, तेही खरं. मीच हसण्यावारी नेलं."

कुंदाबाई हिशेब मांडू लागल्या. ज्याला गुपचूप माल बिघडवायचाय, तो सगळ्यांना आधी सांगत फिरेल का, की मेण बिघडलंय? सलीमा दारोदार सांगत फिरली होती, आणि एकानेही ऐकलं नव्हतं. चोराची ही चाल नव्हे.

शनिवारी चांगलं. सोमवारी नरम. मधला दिवस रविवार, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. सणाला शेड बंद होतं. भटू गावी झोक्याला दोर बांधत होता, सलीमाच्या घरी पाहुणे होते. सुकदेव सासुरवाडीला आमरस ओरपत होता, आणि फाटकाची एकुलती किल्ली त्याच्या खिशात होती. कुंदाबाई स्वतः माहेरी रावेरला गेल्या होत्या.

कुलूपबंद शेडमध्ये मेणाला कोण भेटायला आलं होतं?

४

मेणाचं पातेलं शेडच्या मागच्या भिंतीशी, स्टोव्हवर असायचं. टाकीच्या वाफेपासून दूर. कुंदाबाई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या. नखाने मेण खरवडलं. ते नखाखाली लोण्यासारखं गोळा झालं. वास घेतला. राळेचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक. ओळखीचा. चटणीवर, लोणच्यावर घेतात तसा.

त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा मागितला. एका बाजूला कोऱ्या ढेपेचा टवका ठेवला, दुसऱ्या बाजूला पातेल्यातला. सलीमा आणि भटू वाकून बघत राहिले. कोरा टवका नुसता पडून होता. पातेल्यातल्याभोवती हळूहळू एक ओलं वर्तुळ पसरलं आणि कागदामागची अक्षरं दिसायला लागली.

"तेल," सलीमा म्हणाली.

"तिळाचं," बाई म्हणाल्या. "कुणीतरी मेणात तेल ओतलंय."

"पण कशाला?" भटूचा आवाज चढला. "बिघडवायचंच तर माती टाक, पाणी टाक! तिळाचं तेल काय स्वस्त आहे?"

हाच प्रश्न होता. दुष्मन माणूस चांगलं तेल वाया घालवत नाही.

तेवढ्यात कुंदाबाईंची नजर पातेल्याच्या बुडाशी गेली. तिथे मुंग्या होत्या. मेणाला मुंग्या कधी लागत नाहीत, तेलाच्या ओघळाला लागतात. बारीक काळी रांग. पातेल्यापासून निघून ती फाटकाकडे जात नव्हती. मागच्या भिंतीकडे जात होती. भिंतीत दार होतं. दारापलीकडे कुंदाबाईंचं स्वयंपाकघर. आणि त्या दाराची कडी स्वयंपाकघराच्या बाजूने होती.

मुंग्या दाराच्या फटीतून आत शिरत होत्या.

आखाजीला घरात एकच माणूस होतं. सासू, भागाबाई. पण भागाबाई म्हणजे अशक्य. लेक गेला त्या दिवशी तिने त्याचीच शपथ घेऊन, हात आपटून सांगितलं होतं, "तठे पाय ठेवसू तं मना आंडोरनी आन शे." तेव्हापासून तिने शेडकडे बघणंसुद्धा सोडलं होतं. सुनेशीही ती कामापुरतंच बोले. या कारखान्यानेच पोरगा खाल्ला, आणि सून अजून त्यालाच चाटतेय, असं तिच्या पाठीवरूनसुद्धा वाचता यायचं.

बाहेर फाटकापाशी स्कूटर वाजली. तिच्यामागे आणखी एक इंजिन, जड. निंबाभाऊंचा टेम्पो वेळेआधी आला होता.

"भटू, त्यांना चहा दे, खुर्ची दे, काही सांग," कुंदाबाई म्हणाल्या आणि तो कागद घेऊन, सकाळी उघडलेल्या मागच्या दाराने आत शिरल्या.

५

आत मुंग्यांच्या दोन वाटा झाल्या होत्या.

एक तेलाच्या बुधल्याकडे गेली होती. ते ठीकच. दुसरी खोलीच्या कडेकडेने जाऊन उंबऱ्याशी थांबली होती. तिथे कुंदाबाईंच्या घरात घालायच्या सपाता होत्या. सपातांच्या टाचांवर मुंग्या दाटल्या होत्या.

बाईंनी सपाता झटकल्या. टाचेच्या जागी लालसर डाग होता.

त्या खाली बसल्या. पाय मांडीवर घेतला. टाचेच्या भेगांत लाल रेघा भरल्या होत्या. रतनजोत कसलं! फळीवरची डबी घेऊन त्यांनी बोटभर मलम मघाच्या कागदावर, मेणाच्या टवक्याशेजारी लावलं. तोच लाल, जरा फिका. तेच तेल. तोच राळेचा वास. सगळ्या खानदेशात मेणात हा रंग घालायची रीत एकट्या कौतिकची, आणि ती याच शेडमध्ये उरली होती. पारोळ्याच्या कमलबाईकडे हे मेण कुठून येणार? आणि यंदा आखाजीला कमलबाई माहेरी आलीच कुठे होती?

पुरावा सकाळपासून त्या पायाखाली तुडवत हिंडत होत्या.

भागाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. पाठ नेहमीचीच, पण आज जरा जास्त वाकलेली.

"माय," कुंदाबाई म्हणाल्या. "मलम कमलबाईनं नाही पाठवलं."

चुलीकडे बघतच म्हातारी बोलली.

"तू एक पाय वढत चालस. माले ऐकू येस. भेगासमाईन रगत निघे तुना. फरशीवर डाग पडे, तू पुशी टाके. मी दखं."

"मग तुम्ही शेडमध्ये गेलात? आण मोडून?"

"मनी मायनं शिकाडेल मलम शे. मेण, राळ, तीळनं तेल. घरमा मेण कोठे? तठेच व्हतं." तिने पदर कपाळावर ओढला. "घरना भांडाले राळ चिकटी जास, मग ते भांडं कामातून गयं. म्हणीसन त्याच पातेलामा गरम करं, तेल वतं, डबीभर काढं. उरेल तठेच ऱ्हाऊ दिधं. वाया कसाले घालू?"

कुंदाबाईंना हसू आलं. घरचं पातेलं वाचवायला म्हातारीने कारखान्याचं बुडवलं होतं. यात दुष्टावा औषधालासुद्धा नव्हता. होतं ते औषधच होतं.

"मला सरळ का नाही सांगितलंत, माझ्यासाठी केलंय म्हणून?"

"तू काय इचारं व्हतं?" म्हातारी फणकारली. मग आवाज खाली आला. "बाहेर कसाना गलका शे?"

"सलीमाला पोलीस न्यायला आलेत. मेण तिनं बिघडवलं म्हणून."

भागाबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली.

६

शेडमध्ये सगळे उभे होते. सुकदेव, एक कंटाळलेला हवालदार, आणि एका हातात शाफ्ट, दुसऱ्यात न चढणारा नट धरलेले निंबाभाऊ. सलीमा भिंतीला टेकून उभी होती. तिने डोक्यावरची ओढणी घट्ट धरली होती. आता कोणी हात लावला तर एवढंच आपलं उरलंय, अशी.

"ताई," निंबाभाऊ म्हणाले, "मी दीपनगरला काय तोंड दाखवू? तुमच्या घरात भानगड असेल तर मी माल धुळ्याला नेतो. वाईट वाटून घेऊ नका."

"भानगड नाही. चूक आहे." कुंदाबाईंनी तो कागद त्यांच्यापुढे धरला. "हे कोरं मेण, हे पातेल्यातलं. तेल दिसतंय? तेलानं मेण मऊ पडतं, गरम टाकीत सुटतं. टाकी ठीक आहे, ढेप ठीक आहे. सलीमानं तर तिघांना सांगितलं होतं की मेण नरम आहे. आम्ही तिघांनी कान बंद ठेवले. तेल शनिवारनंतर पडलं आणि सोमवारच्या आधी पडलं."

"आणि घातलं कुणी?" सुकदेवने विचारलं.

कुंदाबाईंनी श्वास घेतला. "मी. टाचांना मलम करायला."

सुकदेव म्हणाला, "वहिनी, आखाजीला तुम्ही रावेरला होतात. मीच तुम्हाला स्टँडवर सोडलं. कुणाला पाठीशी घालता?" त्याने सलीमाकडे बोट केलं. "हिलाच ना?"

हवालदार पुढे सरकला. आपलं एवढं जुळवलेलं सगळं आपल्याच एका खोट्यापायी कोसळताना त्यांना दिसलं.

"ती खोटं बोलस."

मागचं दार उघडं होतं. भागाबाई उंबऱ्यावर उभी होती. तिने खाली पाहिलं, जणू नदीत पाऊल टाकायचंय. मग पाऊल टाकलं. एक, मग दुसरं. टाकीशेजारी, जिथे कौतिक पडला होता, त्या जागेला वळसा घालून ती सलीमापुढे येऊन उभी राहिली.

"तेल मी टाकं. हाई पोरनं नही. सुकदेव, हात खाले कर. तुनी मायले पोलीसमा देवाना व्हई तं दे."

सुकदेवचा हात खाली आला. हवालदाराने टोपी काढून पुन्हा घातली आणि चहा कुठे मिळतो, ते भटूला विचारलं.

निंबाभाऊंनी तो कागद उजेडाला धरून पाहिला. "बिघडलं कशानं ते कळलं, म्हणजे पुन्हा बिघडायचं नाही, एवढं धरतो," ते म्हणाले. "पण हे आटे?"

"उलटा करंट देऊन क्रोम उतरवता येतो," भटू म्हणाला. "आटे शाबूत असतील खाली. पुन्हा मेण लावायचं, पुन्हा टाकी."

"परवापर्यंत मी दीपनगरला थोपवून धरतो. त्यापुढे माझ्या हातात नाही. आणि ताई, परवा नट चढला नाही, तर मी फोनही करणार नाही."

टेम्पो रिकामाच गेला. परवा काय होईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सलीमा," कुंदाबाई म्हणाल्या, "सकाळी मी तुझ्या बोटांकडे पाहिलं."

"माहीत आहे. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते." तिने ओढणी सैल केली. "मेण मी लावते. पण सुकदेवभाऊंनी सकाळी ज्या आवाजात म्हटलं ना, त्याच आवाजात आता फाटकाशी उभं राहून सांगायचं, की माझी चूक नव्हती. शेजारच्या फौंड्रीत ऐकू गेलं पाहिजे."

सुकदेव पुटपुटला. "ऐकू नाही आलं," भटू म्हणाला. मग सुकदेव फाटकाशी गेला आणि ओरडला. सण नसताना, निवडणूक नसताना एवढ्या मोठ्याने ओरडलेला तो बहुधा पहिलाच माणूस असावा.

बिघडलेलं पातेलं बाजूला काढून भटूने विचारलं, "हे फेकू?"

"कसाले फेकस?" भागाबाई कडाडली. "आते हाई बठ्ठं मलमच शे." ती पातेल्यापाशी जमिनीवर बसली, त्याच ओल्या जमिनीवर, आणि सलीमाच्या पायांकडे बघितलं. तिच्याही टाचा उकललेल्या होत्या. इतक्या वर्षांत ते कुणी पाहिलं नव्हतं.

"बस. पाय पुढे कर, माय."

"नको, अक्का, तुम्ही मोठ्या..."

"पाय."

सलीमा पालथ्या बादलीवर बसली आणि पाय पुढे केला. पलीकडे कुंदाबाईंनी नवी ढेप फरशीवर ठेवली आणि हातोडी उचलली. मेण तुटलं. कट्ट.

तो आवाज ऐकायला तिघीही क्षणभर थांबल्या.